मस्कतला जाण्यापूर्वी वाऱ्याचा अभ्यास

५ जानेवारी
जावईबापूंनी तिकिटं पाठवली. दोन. मुंबई ते मस्कत, १० फेब्रुवारी. माझं आणि हिचं. नम्रताचं पहिलं बाळंतपण, खरं म्हणजे माहेरी व्हायचं. पण तिकडच्या डॉक्टरांनी विमानप्रवासाला सक्त मनाई केली. मग माहेरालाच तिकडे जावं लागणार.
आयुष्यात विमानात बसलेलो नाही. भीतीचा प्रश्नच नाही. ज्या माणसाने पोफळीच्या पॉवरहाऊसमध्ये नोकरी काढली, टर्बाइनच्या आवाजात डबा खाल्ला, तो विमानाला काय भिणार? (स्टोअरमध्ये होतो, पण टर्बाइनचे नटबोल्ट आमच्याच सहीने जायचे.)
फक्त एक संकल्प. जाण्याआधी टेकऑफचा शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा. बाकीचं विमान कंपनीवर सोडायचं.

८ जानेवारी, सकाळ
अभ्यास सुरू. यूट्यूब. विमान वाऱ्याच्या तोंडावर धावतं. समोरून वारा हवा, त्याला हेडविंड म्हणतात. पंखांवरून हवा जोरात गेली की विमान लवकर उचललं जातं, रनवे कमी लागतो.
हिला समजावलं. ही कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. म्हणाली, पायलटला माहीत असेलच की. हिला मुद्दाच कळला नाही. पायलटला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. मला माहीत आहे का, हा प्रश्न आहे.

११ जानेवारी
टेलविंड, म्हणजे मागून येणारा वारा. मला वाटायचं मागून ढकललं तर बरंच. साफ चूक. मागून वारा असला की विमानाला जमिनीवर जास्त पळावं लागतं, रनवे संपत येतो. म्हणून मर्यादा घालून दिलेली असते. बऱ्याच विमानांना दहा नॉट (म्हणजे ताशी अठरा-एक किलोमीटर), काहींना पंधरा. जास्त झालं तर रनवेच्या दुसऱ्या टोकाकडून निघायचं, म्हणजे मागचा वारा समोरचा होतो.
ठीक. पण दहा कोणी ठरवले? साडेदहा असला तर? नऊ आहे असं सांगितलं आणि धावता धावता अकरा झाला तर?
डोकं दुखलं. जेवून झोपलो. उद्यापासून पहाटे उठून अभ्यास.

१४ जानेवारी
पहाटे उठलो नाही. थंडी होती.
नुसत्या व्हिडिओंनी भागणार नाही, प्रत्यक्ष निरीक्षण हवं. विमानतळावर कापडी नळा लावतात, वाऱ्याची दिशा दाखवायला. आपण घरी लावू. हलकं, दोन्ही बाजूंनी उघडं कापड लागतं. घरभर शोधलं. शेवटी पायजम्याचा एक पाय कापला. मापात बसला. बांबूला बांधून स्लॅबवर उभा केला.
दुपारी कळलं की तो पायजमा हिने मस्कतसाठी नवा शिवून घेतला होता. ही काही बोलली नाही. उरलेला पायजमा घडी करून कपाटात ठेवला. ही बोलत नाही तेव्हा फार थकवा येतो.

१६ जानेवारी
निरीक्षण: सकाळी पायजमा समुद्राकडे उडतो, दुपारनंतर घाटाकडे. म्हणजे सकाळी जमिनीवरून वारा, दुपारी खारा वारा. याचा अर्थ आमच्या अंगणातून सकाळी निघायचं झालं तर फाटकाकडून विहिरीकडे तोंड करून धावणं धोक्याचं. हिला सांगितलं. ही म्हणाली, मी पाणी आणायला रोज तशीच जाते.
शास्त्रीय दृष्टी या घरात एकट्या माझ्याकडे आहे. फार एकटं वाटतं कधीकधी.

२० जानेवारी
आता क्रॉसविंड. आडवा वारा. हा सगळ्यात लबाड. विमान रनवेवरून बाजूला ढकलतो. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा पंख दाबून धरायचा आणि पायाने रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, देऊन नाक मधल्या रेषेवर ठेवायचं. शिवाय गणित आहे. वारा तीस अंशातून आला तर निम्मा आडवा धरायचा, साठातून आला तर जवळजवळ सगळा.
पोफळीच्या कॉलनीतल्या आमच्या शेजाऱ्यांचा अमरदीप आता पायलट आहे. त्याला फोन लावला. सभ्य मुलगा, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, निघण्याआधी टॉवर वाऱ्याची दिशा आणि वेग सांगतो, टॅबलेटवर हिशेब होतो, झोतांचा वेगळा विचार होतो. मी विचारलं, आणि तरीही वारा बदलला तर?
तो म्हणाला, "नाना, वारा आमच्या मनासारखा कधीच नसतो. समोरून आला तर बरं, बाजूने आला तर सांभाळतो, फारच झाला तर थांबतो. थांबायची कोणाला लाज नसते."
हे शेवटचं वाक्य लिहून ठेवण्यासारखं आहे. थांबायची लाज नसते. तज्ज्ञ माणूस बोलला आहे.

२४ जानेवारी
क्रॉसविंडचा प्रत्यक्ष प्रयोग. स्कूटर घेऊन सड्यावर गेलो. मोकळा कातळ, झाड नाही, रनवेच म्हणायचा. योजना अशी: आडव्या वाऱ्यात सरळ रेषेत धावायचं, वाऱ्याच्या बाजूला थोडं झुकायचं.
झुकलो. पडलो. उजवा घोटा सुजला.
घरी आल्यावर हिने हळद उगाळून लेप लावला. लावता लावता विचारलं, वारा होता का हो? मी म्हटलं, होता. ही म्हणाली, स्लॅबवर तुमचा पायजमा तर सकाळपासून लोंबतोय.
सड्यावरचा वारा वेगळा असतो. हे तिला कोण सांगणार.

२६ जानेवारी
घोटा दुखतोय. अशा पायाने रडर कसा दाबणार? (मला दाबायचा नाही, हे मान्य. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.) नम्रताचा फोन आला. पाय सुजलेत म्हणाली. मी म्हटलं माझाही सुजलाय. ती हसली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही येताय ना? मी म्हटलं, म्हणजे काय! आईच्या हातात फोन दिला.

२९ जानेवारी
आज देवळात गेलो. श्रद्धेने नव्हे. एक जास्तीचा डेटा म्हणून.
आमच्या ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बाबू गुरवाने गाऱ्हाणं घातलं, बा देवा म्हाराजा, नानांनी मस्कतला जायाचा का न जायाचा, काय असेल ता सांग. आम्ही वाट बघत बसलो.
उजवी पडली. जा.
मी नजरेस आणून दिलं की दार उघडं आहे, पाकळी दाराच्या बाजूला आहे, आडवा वारा येतोय, हा कौल ग्राह्य नाही. बाबूने दार लावलं. परत पाकळ्या. परत उजवी.
मी म्हटलं, पंख्याचा वारा. बाबूने वर पाहिलं. पंखा बंद होता, गेल्या उत्सवापासून बिघडलेला. त्याने तिसऱ्यांदा पाकळी हातात घेतली आणि थांबला.
"नाना," तो म्हणाला, "तुमी देवाला इचारताव, का देवाकडून वदवून घेताव?"
गुरवाने असं बोलू नये. नारळ ठेवून आलो. येताना चढ फार लागला.

३ फेब्रुवारी
घरात आंब्याच्या पेट्या भराव्यात तशी तयारी. डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, कोकमाचं आगळ, जुन्या सुती साड्यांची दुपटी. मी वजनाबद्दल सावध केलं. जड विमानाला टेकऑफला रनवे जास्त लागतो, त्यात टेलविंड असला तर बघायलाच नको. हिने एक लाडू माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, घ्या, तेवढं हलकं झालं.

५ फेब्रुवारी
निर्णय झाला. पूर्ण विचारांती.
मी आत्ता जात नाही. नंतर जाईन. कारणं: घोटा, आंब्याच्या मोहोरावर फवारणी, आणि निरीक्षणात सलगपणा नसला तर आधीचं सगळं वाया. जावईबापूंची बहीण मनाली सुट्टी संपवून त्याच विमानाने मस्कतला परत जातेय, तिथे नर्स आहे. म्हणजे हिला सोबत आहे. दोघींनी जावं, मी इथून वाऱ्यावर लक्ष ठेवतो. कोणीतरी जमिनीवर असावंच लागतं, टॉवरसारखं.
हे सगळं नीट मुद्देसूद सांगितलं. मला वाटलं ही रडेल, किंवा तिकीट रद्द करा म्हणेल. मग आपण समजूत काढू, असा अंदाज होता.
ही बॅगेची चेन लावत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी पोरगी तिकडे एकटी आहे. वारा कुठूनही येऊ दे. मी जातेय."
ही विहिरीपलीकडे एकटी कधी गेली नाही असं मी लोकांना सांगत आलोय. आता सुधारून सांगावं लागेल.

९ फेब्रुवारी
संगमेश्वर स्टेशनवर सोडून आलो. मनाली वेळेवर आली. गाडी सुटताना हिने खिडकीतून सांगितलं की विरजण झाकून ठेवा आणि भात कुकरला लावताना पाणी मोजा. विमानाबद्दल एक शब्द नाही. माझ्याकडे सूचनांचा कागद तयार होता. खिशातच राहिला.
रिक्षाने घरी. घोटा दुखत नव्हता.

१० फेब्रुवारी
टॉवर ड्युटी. मोबाईलवर मुंबईचा वारा बघत बसलो. सहा नॉट, समोरून. उत्तम. मग सात. मग चिन्हच फिरलं. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. बंदच असणार, विमानात बसली. चहा केला, प्यायला गेला नाही. स्लॅबवर गेलो, खाली आलो, परत वर गेलो. आमच्या पायजम्याचा मुंबईशी काही संबंध नाही हे समजत होतं. तरी बघत होतो.
दुपारी मनालीचा मेसेज. पोहोचलो. काकी विमानात झोपल्या होत्या.

२५ फेब्रुवारी
नात झाली! दोघी सुखरूप.
व्हिडिओ कॉल आला. हिने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. एवढीशी मूठ, डोळे मिटलेले, कपाळ नम्रताचं. हाक मारावी तर नाव नाही अजून. मी नुसतं "अगो" म्हणालो.
मग हिच्याशी बोललो. विषय बदलायला विचारलं की टेकऑफला वारा कुठून होता. ही म्हणाली, कोणास ठाऊक, खिडकीतून समुद्र दिसला, मग डोळा लागला. पुढे म्हणाली, "तुमची सीट शेजारीच होती. ती विमानातली मुलगी आली, आणि रिकाम्या सीटचा पण पट्टा लावून गेली."
मग बाळ रडलं आणि तिने फोन ठेवला.
मला भीती वाटली होती. वारा नव्हता तो.

संध्याकाळ
स्लॅबवर गेलो. मागून नाही, समोरून नाही, आडवा तर नाहीच. पायजमा सरळ खाली लोंबत होता. काढून आणला. कपाटातल्या दुसऱ्या पायाशेजारी ठेवला. कापड चांगलं आहे.
खाली येऊन एकट्यापुरता भात लावला. पाणी जास्त झालं.