यामिला उत्तर देत नाही

पायसांदू, मंगळवार दुपार

तीर्थरूप निबियामावशीला विल्मारचा नमस्कार आणि गालावर एक पापा.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी तुझा तो कडू चहा, माते, कमी प्यायला सांगितलंय असं आईकडून कळलं. तू ऐकणार नाहीस हेही तिनेच सांगितलं. इकडे मी जिवंत आहे, पण तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो.

आमचा डीबगर तुला ठाऊक आहे (तुझ्या भाषेत 'तो बिनपगारी उद्योग'). वेबसाइट किंवा मोबाइलचं अ‍ॅप अडलं, की आत काय बिघडलं ते तो पडद्याच्या कडेला लिहून दाखवतो. फुकट आहे आणि उघडा आहे: त्यातली ओळ न् ओळ कोणीही वाचावी, सुधारावी, आणि कुठली ओळ कोणी लिहिली तेही सगळ्यांना दिसतं. या शेवटच्या सोयीचा मला फार अभिमान होता.

आता यामिला. दूध सहकारी संस्थेचं अ‍ॅप ती सांभाळते आणि चेष्टा करताना स्वतः अजिबात हसत नाही. नदीकाठी फिरायला येतेस का, असं मी तिला विचारलं, तर 'बघू' म्हणून जी गेली ती गेलीच. नेमकं तेव्हाच मी डीबगरमध्ये नवी सोय घालत होतो: सर्व्हर गप्प बसला की तसं सांगायचं. चाचणीपुरतं काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं, 'यामिला उत्तर देत नाही'. (लोकांचं पोटातलं ओठांवर येतं, माझं बोटांवर आलं.) ते काढायचं राहिलं आणि नवी आवृत्ती जगभर गेली.

आधी लिमाच्या एकाने लिहिलं, "भाऊ, ही यामिला कोण? आमचे साहेब विचारतायत." सांतो दोमिंगोच्या एक बाई म्हणाल्या, "देत नसेल उत्तर तर नाद सोड, बाळा." त्यावर बोलिव्हियाचा कोणी, "सोडू नकोस, पण आम्हाला मध्ये घालू नकोस." हे सगळं चारचौघांत, उघड्या पानावर. मी दुरुस्ती करायला बसलो, पण उशीर झाला होता. यामिलाही आमचाच डीबगर वापरते.

त्या सकाळी गोठ्यांवरून दुधाचे आकडे येईनात. टँकर उन्हात खोळंबले, मॅनेजर तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, आणि पडद्यावर ती ओळ उमटली. मॅनेजर म्हणाला, "बाई, आता मशीनसुद्धा तुमची तक्रार करायला लागलं." तिने आधी गप्प पडलेला सर्व्हर चालू केला, टँकर मार्गी लावले, मग ओळ कोणाची ते पाहिलं आणि थेट माझ्या दारात.

"मला पुन्हा एकदा विचारायला काय झालं होतं तुला?"

तुला त्रास नको म्हणून, असं मी पुटपुटलो.

"अर्ध्या खंडाला दिलास की. आणि मी 'बघू' म्हटलं होतं. 'नाही' म्हणायचं असतं तर तो शब्द मला येतो. बाबांचं ऑपरेशन होतं, विल्मार."

मावशी, मला एवढंसुद्धा ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाच्या अ‍ॅपच्या पोटात डोकावणारा मी, समोरच्या माणसाला बरी आहेस ना म्हणून विचारलं नाही. ती मातेचा घोटही न घेता गेली. दुसऱ्या दिवशी बेकरीतून बिस्कोचोंची पुडी घेऊन इस्पितळात गेलो. तिचे बाबा खूश झाले, तिने पुडी त्यांच्या हातातून काढून बाजूला ठेवली. संध्याकाळी मात्र डीबगरमध्ये तिच्या नावाने एक दुरुस्ती आली. माझी ओळ खोडून तिने लिहिलं होतं: 'उत्तर यायला वेळ लागतोय. वाट पाहा.'

मी ती तत्काळ स्वीकारली. लिमावाल्याने खाली लिहिलं, "आता काम करू द्या."

तब्येतीला जप.

तुझा विल्मार

ता. क. रविवारी यामिला आणि तिचे बाबा माझ्याकडे राव्हियोली खायला येतायत. त्यावरचा टोमॅटोचा रस्सा, टुको, मी स्वतः करतो असं मी सांगून बसलोय. शनिवारच्या बसने ये, तुझं टुकोचं पातेलं घेऊन. ते आल्यावर तू फक्त पाहुणी.

ता. क. २ इथे आल्यावर कळेलच, म्हणून आधीच सांगतो. सर्व्हरकडून येणारी माहिती थांबेचना झाली, की आमचा डीबगर 'निबियामावशी बोलतेच आहे' असं लिहितो. ते काढावं असं अजून कोणीही सुचवलेलं नाही.