साहेबाच्या गावचं पाणी

मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, पद्माबाई जळबा पाईकराव, वय चौऱ्याहत्तर, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, चष्म्याने नीट दिसते, आणि कुणी दमदाटी करून किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेले नाही. मात्र मला जबर धक्का बसला आहे आणि तो अजून ओसरलेला नाही, हेही इथे नोंदवते. पुनमचंद वकील म्हणाले, असे मृत्युपत्रात लिहीत नाहीत. मी म्हटले, मी लिहिते.

१. राहते घर मुलगा रविंद्र आणि मुलगी रुपा यांनी निम्मे निम्मे घ्यावे. लग्न झालेल्या लेकीला घर कशाला, असे कुणी म्हणाल्यास त्याने आधी हे सांगावे की माझ्या आजारपणात उशाशी कोण बसले होते.

२. पोस्टातली शिल्लक रविंद्रची मुलगी, माझी नात ऐश्वर्या हिच्या शिक्षणासाठी. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडपाचा थाट करून ती उडवू नये. शिलाई मशीनही तिचेच, पण ते जरा रुसते, तेल घालून चालवावे.

३. बाहेरच्या खोलीत बुद्धांच्या तसबिरीखाली काचेत बसवलेले एक जुने पोस्टकार्ड आहे. त्यावर इंग्लंडातल्या एका खेड्यातले चर्च आहे. दगडी मनोरा, पुढे गवत, आणि कोपऱ्यात एका बैठ्या इमारतीचे छप्पर. खाली गावाचे नाव छापले आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. त्या गावात जमिनीतून औषधी पाणी निघायचे आणि लांबलांबून माणसे अंघोळीला यायची.

माझी आई देवला निजामाच्या काळात हिंगोलीला एका गोऱ्या नर्सबाईकडे कामाला होती. बाई मायदेशी निघाली तेव्हा आपल्या गावचे हे चित्र तिने आईला दिले आणि त्या पाण्याची गोष्ट सांगितली. आईला त्या काळी विहिरीपासून लांब उभे राहून कुणीतरी वरून घागरीत पाणी ओतील याची वाट बघावी लागे. ती चित्र घेऊन घरी आली आणि म्हणाली, "हे गाव बघून ठेवा. इथं पाण्याला कुणी कुणाला अडवीत न्हाई."

पुढे धम्मदीक्षा घेतली तेव्हा तिने घरातले सगळे देव कयाधू नदीत सोडले. हे चित्र तेवढे ठेवले. हा देव नाही, हे गाव आहे, असे तिचे म्हणणे होते. लग्नात मला भांडीकुंडी फार मिळाली नाहीत, पण हे मिळाले.

४. शेत, विहीर आणि हौद. सरकारी योजनेतून आम्हाला विहीर मिळाली तेव्हा मी माझे पती जळबा यांना एकच अट घातली. रस्त्याकडे हौद बांधायचा आणि तो कधी बंद करायचा नाही. ते हसले, पण बांधला. तेव्हापासून आमच्या भावकीत नवी सून आली की आधी ते चित्र बघते, मग हौदावर जाऊन रस्त्याने येणाऱ्या पहिल्या माणसाला पाणी देते.

गेल्या महिन्यात रुपाचा मुलगा प्रज्ञेश, जो इंग्लंडात शिकायला आहे, खास त्या गावाला गेला आणि तिथून त्याने व्हिडिओ कॉल केला. सगळे घर फोनभोवती गोळा झाले होते. मनोरा दिसला तशी मी हात जोडले. मग तो त्या बैठ्या इमारतीपाशी गेला. ती पडकी होती. बाहेरच्या पाटीवरचे तो आम्हाला मराठीत सांगू लागला आणि सांगता सांगता त्याचा आवाज खाली गेला. वरचे कुंड पैसेवाल्यांचे. गरिबांचे कुंड वेगळे, उताराला. वरच्यांची अंघोळ झाली की तेच पाणी खाली सोडत. मी त्याला पाटी पुन्हा वाचायला लावली. पुढे तो काय बोलला ते मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांदेखत कुणी आईच्या थोबाडीत मारावी तसे मला झाले.

नर्सबाई खोटे बोलली असे मी म्हणत नाही. लोक येतात, एवढेच ती म्हणाली असेल. कुणी अडवत नाही, हे आईने आपल्या मनाने जोडले असणार.

हे पचते न पचते तोच रविंद्रने हौदावर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातले. मे महिना, विहीर तळाला गेलेली, हळदीची लागवड तोंडावर. त्याची तकलीफ मला कळते. पण तो जे बोलला ते कानातून जात नाही. "तिथंबी वरचं-खालचं व्हतंच की, आई. मंग आपणच काहून हौद उघडा ठेवून राहिलो?" माझ्या पोटचे लेकरू हे बोलले. त्याची बायको निता आत गेली आणि हातोडा आणून तिने माझ्या हातात दिला. कुलूप मी फोडले.

म्हणून शेत रविंद्रला देते, त्याचा घाम त्यात आहे. विहीर, मोटार आणि हौद मात्र सून निता हिला देते. हळदीचे पाणी त्याने तिला विचारून घ्यावे. हौद तिने उघडा ठेवावा, आणि तिच्यामागे ऐश्वर्याने.

५. शेजारी ग्यानबा पतंगे यांना माझे नाव कोरलेला स्टीलचा पेला. निता नवी सून म्हणून हौदावर उभी होती तेव्हा पहिले हेच आले. पाणी प्यायले, पण ओंजळीने. आजवर ओंजळीनेच पितात. आता माझ्या पेल्याने, चारचौघांत प्यावे. माळ्यावर टाकून दिला तर मला कळणार नाही, पण त्यांच्या मंजुळाबाईंना कळेल.

६. ते चित्र चुलीत घालावे असे मला वाटले होते. हात धजला नाही. ते प्रज्ञेशला देते. त्याने ते परत त्या गावी न्यावे, चर्चमध्ये जे कुणी भेटेल त्याच्या हातात द्यावे आणि सांगावे की आमच्या घरात तुमच्या गावाविषयी असे मानत होते. असे पाणी खरेच कुठे आहे का, असे त्यांनी विचारल्यास पत्ता द्यावा. आखाडा बाळापूर सोडले की डाव्या हाताला, रस्त्यालगत.

हे मी स्वतःच्या हाताने लिहिले, साक्षीदारांसमोर वाचून दाखवले आणि खाली सही केली. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

(सही) पद्माबाई जळबा पाईकराव
ठिकाण: हौदाजवळ, आखाडा बाळापूर
दिनांक: ९ जून २०२५

साक्षीदार:
१. (सही) पुनमचंद वकील, कळमनुरी.
२. (डाव्या हाताचा अंगठा) मंजुळाबाई ग्यानबा पतंगे, शेजारीण. पाणी न्यायला आल्या होत्या. घागर खाली ठेवून साक्ष दिली.