हैदराबादचं गिऱ्हाईक

पांढरकवडा

प्रिय संगे,

दुकान आता मोबाइलवर गेलं, हे मी तुला फोनवर एका वाक्यात सांगितलं आणि तूही एका वाक्यात म्हणालीस, बरं झालं. फोनवर आपलं असंच होतं. तू म्हणतेस मजेत आहे, मी म्हणते मीही मजेत आहे, मग पावसाचं विचारून दोघी ठेवून देतो. म्हणून आज कागद घेतला. लिहायला बसलं की हाताला शाळेतली भाषा येते, तेवढं हसू नकोस.

हे गेल्यानंतरचा हा दुसरा पोळा. पहिल्या पोळ्याला दुकान उघडायचं की नाही तेच मला समजत नव्हतं. तरी उघडलं. झुली टांगल्या, घुंगरमाळा पुसून ठेवल्या आणि वाट पाहिली. जे थोडे आले ते आधी ह्यांच्या फोटोकडे बघायचे, मग आवाज खाली आणून भाव विचारायचे. पोळा झाल्यावर नेमसिंग आला. पुतण्या आहे, वाईट मनाने बोलत नाही. म्हणाला, “काकी, कायले एकटी बसून राह्यली इथं? गावात बैलच नाही राह्यले, तं बैलाचा साज कोण घेईन? दुकान भाड्यानं दे आन तांड्यात राहाले ये.” त्याचं चुकलं नव्हतं. पाटणबोरीकडच्या रस्त्याने आता ट्रॅक्टरच ट्रॅक्टर दिसतात. पण तांड्यात जाऊन मी काय करणार ते मला लख्ख दिसलं. त्याच्या ओसरीवर बसणार, सुनेने दिला की चहा पिणार आणि संध्याकाळ व्हायची वाट बघणार. मी त्याला म्हटलं, बघते.

मग ही प्रेरणा आली. आपल्या शाम मास्तरांची सून, बँकेत आहे. घराच्या दाराला लावायला म्हणून घुंगरमाळ घेऊन गेली, आणि चार दिवसांनी येऊन म्हणाली, मावशी, हे सगळं मोबाइलवर विकता येतं, मी शिकवते. रविवारी रविवारी यायची. पांढरी चादर टेबलावर अंथरायची, वर एकेक वस्तू ठेवायची, फोटो काढायची. मग प्रत्येक वस्तूखाली लिहायचं, लांबी किती, वजन किती, रंग कोणता, वापर कशासाठी. वापर आला की आमचं अडायचं. ती म्हणायची, शहरातल्या माणसाकडे बैल नसतो, ‘दारासाठी, भिंतीसाठी’ असं लिहू. मी म्हटलं, वेसण बैलाच्या नाकातली, ती कोण भिंतीला लावेल? शेवटी वेसण मी मोबाइलवर टाकलीच नाही. घुंगरमाळेखाली तिने ‘दारासाठी’ लिहिलं आणि माझ्या हट्टापायी पुढे ‘आणि बैलासाठी’ असंही लिहिलं. ह्यांना ते आवडलं असतं.

झुलीचा फोटो मात्र चादरीवर काही जमेना. नुसती गोधडी वाटायची. मग अजून बैल ठेवून असलेल्या भगवानरावांना निरोप दिला, तुमचा पांढरा बैल थोडा वेळ आणा. त्यांनी त्याला धुऊन, शिंगं पुसून आणलं. दुकानासमोर उभा केला आणि मी झूल चढवली, कपाळावर गोंडे बांधले, गळ्यात घुंगरं घातली. तो मान हलवायचा आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. समोरचे मेडिकलवाले बाहेर आले, भाजीवाल्या आल्या, ट्रक थांबवून एक ड्रायव्हर उतरला. भगवानराव सगळ्यांना सांगत होते, “हे बाबूसिंगच्या हातची झूल आहे बरं, आता अशी नाही भेटत.” किती दिवसांनी ह्यांचं नाव कोणी मोठ्याने घेतलं. प्रेरणाचे फोटो झाले, बैल गेला, माणसं पांगली. मी शेण उचललं, पाणी टाकलं आणि आत येऊन बसले. त्या दिवशी मला दुकान फार मोठं वाटलं.

ऑर्डरी येतात. पुण्याहून येतात, इंदूरहून आल्या, एक पार केरळातून आली. आता मला सगळं येतं. खोका कसा भरायचा, घुंगरात कागद कसा कोंबायचा म्हणजे वाटेत वाजणार नाही, चिठ्ठी कुठे चिकटवायची. एका बाईने घुंगरमाळ परत पाठवली, कारण लिहिलं की आवाज फार होतो. मी आणि प्रेरणा पुष्कळ हसलो. ती गेल्यावर मात्र मला हसू आलं नाही. दुकान चालतं आहे संगे, पण दुकानात कोणी येत नाही. पूर्वी माणूस बैलाच्या तोंडावर बांधायची मोरकी घ्यायला यायचा तर आधी पाणी प्यायचा, मग बैलाची खोड सांगायचा, मग मुलीच्या लग्नाचं निघायचं. तू आतल्या खांबाला टेकून गोंडे वळत असायचीस आणि मधूनच असं काही बोलायचीस की गिऱ्हाईक विषयच विसरायचं. आता पार्सल न्यायला पोरगा येतो तो गाडीवरून उतरतसुद्धा नाही. हात पुढे करतो, मी खोका देते, गेला. परवा मी खोक्यालाच म्हटलं, नीट जा बाबा. मग इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

त्यात एक गिऱ्हाईक मला आवडायला लागलं होतं. हैदराबादचं, नाव इंद्रजीत पवार. आधी त्याने एक लहान घंटी मागवली. मग गोंड्यांची जोडी. मग बैलाचं बेगड लावलेलं बाशिंग, जे कधी कोणी शहरातून मागवलं नाही. मी मनाशी चित्र काढलं. आपल्याच भागातल्या तांड्यातला पोरगा असेल, नोकरीला गेला असेल, बापाच्या बैलांची आठवण येत असेल. त्याच्या खोक्यात मी एक गोंडा जास्तीचा टाकायची. मागच्या महिन्यात त्याचा निरोप आला, ‘मोरकी पाहिजे, तांबड्या गोंड्यांची, कवड्या लावलेली, जुन्या पद्धतीची.’ तशी मोरकी आता बाजारात नाही. ती आपण दोघीच करायचो, ह्यांनी दोरी वळून दिली की. मी सुताचं बंडल काढलं आणि करायला बसले. कवड्या बसल्या, पण कपाळावरच्या गोंड्याची तुझी ती गाठ मला येईना. घातली की सुटायची. तरी केली, थोडी वाकडी झाली आहे.

कुरिअरवाल्याने सांगितलं, ह्या वेळी पत्त्यात इमारतीचा नंबर नाही, फोन करून घ्या. म्हणून मी इंद्रजीत पवारला फोन लावला. बाईने उचलला. मी दुकानाचं नाव सांगितलं, तर ती म्हणाली, “शीलामावशी, मी राखी बोलते.” तुझी सून, संगे. तुझ्या नातवाला मी सोन्या म्हणूनच ओळखते, इंद्रजीत हे त्याचं शाळेतलं नाव मला कुठे ठाऊक. आणि पवार तर प्रत्येक तांड्यात आहेत, हैदराबादेतही कमी नसतील. राखी म्हणाली, “आईच मागवतात, सोन्याकडून करून घेतात. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात असतो. पार्सल येणार असलं की आई सकाळीच खाली गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. इथं कोणाशी बोलणार त्या, भाषा येत नाही. पार्सलवाला आला की त्याच्याशी मराठीत बोलतात, त्याला काही समजत नाही, पण तो हसतो.” मग हळूच म्हणाली, खोका उघडला की आधी त्याचा वास घेतात. राखीवर रागावू नकोस. ती सांगताना रडत होती.

मी तिला विचारलं, पोळ्यापर्यंत संगीला माझ्याकडे पाठवशील का. ती म्हणाली, त्या आमच्याकडे कधी काही मागत नाहीत मावशी, तुम्हीच विचारा. मी फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू म्हणाली असतीस, अगं इथे मला काय कमी आहे, आणि मी म्हटलं असतं, हो, ते तर आहेच. म्हणून हे लिहिते आहे आणि मोरकीच्या घडीत घालून पाठवते आहे. तू ती माझ्यासाठी मागवलीस की स्वतःसाठी, ते मी विचारणार नाही. हैदराबादहून नागपूरला येणारी गाडी इथूनच जाते. सोन्याला सुट्टी असेल तर त्यालाही आण. राखीला मी सांगितलं आहे की पोळ्याचं काम फार पडलं आहे, गोंडे वळायला हात कमी पडतात, संगी आलीच पाहिजे. तू आल्यावर तुला दिसेलच म्हणून आत्ताच सांगून टाकते. काम तेवढं नाही गं. दुपारी इथे फार शांत असतं.

तुझीच
शीला