पायरीवरची हजेरी

पुमापाता, १२ मे १९९७

ती. युलोखियाताईस,
धाकट्या निकासियाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बटाट्याची काढणी सुरू झाली. निम्मी पोरं शेतात, मी शाळेत रिकाम्या बाकांना शिकवते. आई म्हणते, थोरली शहरात जाड झाली असणार. परदेशी पाहुण्यांच्या फोटोत कोकराला जागा उरते का, ते विचार.

आता रागाचं. आपली चुलतबहीण असुंता काल कोकरू पाठीला बांधून परत आली. चौकात पाहुण्यांकडून पैसे घेऊन फोटोसाठी उभं राहायला आता पालिकेचा बिल्ला लागतो, तो ताईला मिळाला, मला नाही, एवढंच बोलली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. नऊ वर्षं ती चौकातल्या देवळाच्या पायऱ्यांवर उभी आहे. नवरा गेल्यावर तीन लेकरं तिनं त्या दगडांवर वाढवली. आपल्या गावच्या बायकांची पुढारी तू. तुझ्या डोळ्यांदेखत हे झालं कसं? ती पायरी कुणाच्या बापाची आहे?

खरं ते लिही. तुझी माया आहे, असं धरून चालते.

निकासिया

कुस्को, २१ मे

चि. निकासियास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जाड कसली! एकावर एक पाच घागरे घालते, म्हणून तशी दिसते. आईला सांग, कोकरूच माझ्याहून जास्त खातं.

गेल्या वर्षी माझा पाय मोडला, तेव्हा दोन महिने असुंता माझ्या जागी उभी राहिली, हे तुला माहीत आहे. आपली सावडच ती. दुसरीचं काम करायचं ते तिच्याच नावानं. पालिकेचा माणूस सकाळी हजेरी घ्यायचा, तेव्हा असुंता माझ्या नावाला ओ द्यायची. त्यामुळे वहीत मी रोज हजर आणि ती दोन महिने गैरहजर. बिल्ला फक्त अखंड हजेरीवाल्यांना.

त्यानं माझ्यासमोर तिला विचारलं, एवढे दिवस कुठं होतीस? तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोकराचे कान कुरवाळत राहिले. बोलले असते, तर माझा बिल्ला गेला असता, आणि खोटी ओ दिली म्हणून तिलाही मिळालाच असता असं नाही. दोघींनी मिळून उपाशी राहायचं होतं का? तू शाळेच्या पगारावर न्यायाच्या गोष्टी करतेस, बाई.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

युलोखिया

पुमापाता, १ जून

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मी गावसभेत वाचून दाखवलं. लपवणार नाही. म्हातारा सातुर्निनो म्हणाला, शहरानं आपल्याला लुटलं त्याचं नवल नाही, पण या पोरीनं सावडच विकली. परवा आपल्या शेतात काढणीला कुणी फिरकलं नाही. आई आणि मी वाकून वाकून बटाटे काढले.

ताई, आपल्या ज्या पूर्वजांनी देवळाचे ते दगड वाहिले त्यांच्याच लेकी आज तिथं उभं राहायला परवानगी मागतात, हा पालिकेचा अन्याय. त्याविरुद्ध मी जन्मभर ओरडेन. पण आपल्या गावच्या तेराजणींपैकी बाराजणींना बिल्ला देऊन त्यांनी आपल्याला एकमेकींवर पहारेकरी नेमलं, आणि तू ती नोकरी पत्करलीस.

असुंताच्या बाजूनं गावाचा अर्ज मी लिहिला आहे. पहिली सही माझी. सोमवारी पोचेल. तुला विचारतील. एकदाच खरं बोल. बिल्ला गेला तर घरी ये. आहे त्यात खाऊ.

वाट पाहणारी,
निकासिया

कुस्को, १० जून

चि. निकासियास आशीर्वाद.

अर्ज आला. पालिकेच्या साहेबानं मला कचेरीत बोलावून वाचायला दिला. अक्षर तुझंच, ओळी सरळ. त्यानं विचारलं, ही पहिली सही करणारी तुमची बहीण म्हणते ते खरं का?

मी म्हटलं, मला बहीण नाही.

त्यानं अर्ज फाइलीला लावला आणि मला जायला सांगितलं. पायऱ्यांवर आज खूप पाहुणे होते.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची रीत आहे. कोणत्या तोंडानं मागू?

युलोखिया