शेवटची सोळा पानं

प्रिय ताई,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बायकोचा गुडघा तू सांगितलेल्या व्यायामाने सुधारतोय. तिने कंटाळा केला की 'ताईला कळवतो हं' एवढंच मी म्हणतो. नर्स नणंदेचा धाक औषधापेक्षा लवकर लागू पडतो. पत्र लिहिण्याचं कारण निराळं आहे. फोनवर मी एका विषयाच्या जवळपास पोचलो की तुझ्या दारावर हटकून कुणीतरी येतं. 'थांब रे, दार वाजतंय,' म्हणतेस आणि फोन ठेवून देतेस. गेल्या तीन वर्षांत तुझं दार इतक्या वेळा वाजलंय की एव्हाना त्याच्या बिजागऱ्या निखळायला हव्या होत्या. पत्राला दार वाजल्याचं सांगता येत नाही. फार तर तू ते अर्धवट ठेवून देशील, पण अर्धवट काम तुला बघवत नाही हे मला पक्कं माहीत आहे. विषय कोणता ते तुला कळलंच असेल. तुझी लेक. तिच्याबद्दल मी शेवटी लिहीन. आधी मला एका पुस्तकाबद्दल लिहायचं आहे, आणि ते तू शांतपणे वाचावंस अशी विनंती आहे.

मी दहा वर्षांचा होतो आणि माझे डोळे आले होते, ते आठवतंय? दोन्ही डोळ्यांवर ओल्या फडक्याच्या घड्या, आणि सुट्टी सुरू होऊन चारच दिवस झालेले. शाळेच्या कपाटातून सुट्टीपुरतं एकच पुस्तक घरी न्यायची परवानगी होती. मी भांडून सगळ्यांत जाड पुस्तक आणलं होतं आणि ते वाचायला माझ्याकडे डोळेच नव्हते. मी इतकी भुणभुण लावली की शेवटी तू वैतागून म्हणालीस, 'आण इकडे, चिकट्या, नाहीतर तू मला जगू द्यायचा नाहीस.' तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. रोज दुपारी भांडी घासून झाली की ओले हात पुसत यायचीस आणि माझ्या उशाशी बसून वाचायचीस. होडीवाल्याची गोष्ट. बाप नदीवर होडी चालवतो, मुलाला ते काम नको असतं, दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, मुलगा पलीकडे निघून जातो. बाप शपथ घेतो की पुन्हा त्या काठाला होडी लावणार नाही. लोक विनवतात, पण तो होडी बांधून ठेवतो ती ठेवतोच. आणि मग एका सकाळी मुलगा पलीकडच्या काठावर येऊन उभा राहतो.

तिथे तू पाणी प्यायला उठलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी 'ताई, ताई' करून घर डोक्यावर घेतलं. मग तू आलीस आणि वाचायला लागलीस. होडीवाला होडीचा दोर सोडायला जातो, पण इतकी वर्षं पाण्यात भिजून गाठ घट्ट झालेली असते, तो ती दातांनी सोडवतो. नदी ओलांडून जातो. समोर मुलगा. बाप मुलाच्या पायांकडे बघत म्हणतो, 'चपला हातात घे. होडीत चिखल नको.' आणि मुलगा चपला हातात घेऊन होडीत बसतो. बस, संपलं. मला आठवतंय, फडक्याखालून माझे डोळे वाहायला लागले आणि आईला वाटलं दुखणं वाढलं.

ताई, तुला ठाऊक नसेल, पण त्या एका वाक्यावर माझं अर्धं आयुष्य उभं आहे. एकोणिसाव्या वर्षी मी पुस्तकबांधणी शिकायला घर सोडलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते ते तू ऐकलंयस. गवंड्याच्या पोटी जन्मून कागदाला खळ लावत बसणार, भिंत उभी करायची सोडून पुठ्ठे उभे करणार, वगैरे. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी परत आलो तो फक्त त्या पुस्तकाच्या भरवशावर. मला खात्री होती की बापाची जात दिसायला कठीण असते, पण हाक ऐकली की गाठ दातांनी सोडवते. एवढ्या मोठ्या लेखकाने लिहिलंय म्हणजे ते खोटं कसं असेल? घरासमोरच्या नळाजवळ मी अर्धा तास उभा होतो. बाबा हातात थापी घेऊन रस्ता ओलांडून आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, 'चपला काढून ये. आत ओलं आहे.' मला तर वाटलं, माझे बाबा पुस्तकातल्यासारखे झाले. पुढेही तेच. लग्नानंतरचा बायकोशी धरलेला मोठा अबोला, कारखान्यातल्या सोबत्याशी झालेला तंटा, दर वेळी मीच उठून गेलो आणि काहीतरी फुटकळ बोललो. चहा गार होतोय. तुझी छत्री माझ्याकडे राहिलीये. मोठं बोलायची गरज नसते हे मला त्या लेखकाने शिकवलं होतं. रोज सकाळी आंघोळ करून हात जोडतो तेव्हा देवापुढे आई-बाबांचं नाव घेतो, शाळेतल्या गुरुजींचं घेतो, आणि गेली पस्तीसेक वर्षं त्या लेखकाचंही घेतो. बायको हसते. म्हणते, त्याच्या घरच्यांनी तरी इतकं घेतलं असेल का?

त्याची बाकीची पुस्तकंही मी मिळवून वाचली. त्यांत ती माया कुठे सापडली नाही. मला वाटलं, आपली बुद्धी कमी पडत असेल.

आता माझा एक प्रताप ऐक. हा तुला कधी सांगितला नव्हता, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी, हात चांगला बसल्यावर, मी एका सुट्टीत आपल्या शाळेत गेलो आणि कपाटातली सगळी जुनी पुस्तकं फुकट बांधून दिली. गुरुजी तेव्हा होते. होडीवाल्याचं पुस्तक हातात आलं तर त्याचा शेवटचा फर्मा गायब. फर्मा म्हणजे सोळा पानांचा जुडगा, पुस्तक अशा जुडग्यांचं शिवलेलं असतं. मला वाईट वाटलं. म्हटलं, आपल्यानंतर कुण्या पोराने फाडली असतील. मग मी काय करावं? मी सोळा कोरी पानं घेतली, शेवटी शिवली, आणि तू वाचून दाखवलेला शेवट जसाच्या तसा सुंदर अक्षरात त्यांवर लिहून काढला. चार दिवस लागले. गुरुजींनी अक्षराचं कौतुक केलं. मूळ लेखकाचे शब्द वाचवल्याचा मला केवढा अभिमान वाटला होता.

मागच्या महिन्यात आमच्या ग्रंथालयात एक जुना संग्रह आला, कुणा वकिलाच्या घरातला. तो माझ्या तळघरातल्या खोलीत बांधणीसाठी उतरवला. त्यात आपलं होडीवाल्याचं पुस्तक. कोणतंही पुस्तक उसवण्याआधी मी शेवटचा फर्मा पाहतो, पानं पुरी आहेत की नाहीत, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पानं पुरी होती. जुन्या मित्राला भेटावं तसा मी ते वाक्य वाचायला गेलो, आणि ते तिथे नव्हतं. मी दोनदा पाहिलं. फर्म्यांचे पानाखालचे बारीक आकडे मोजले. सगळे जागच्या जागी. मग स्टुलावर बसून ती सोळा पानं वाचली. मुलगा तीनदा हाक मारतो. बाप ऐकतो. दोरावर आणखी एक गाठ मारतो, झोपडीत जातो आणि नदीकडे पाठ करून बसतो. मुलगा परत जातो. तिथे पुस्तक संपतं.

आधी वाटलं, आवृत्ती वेगळी असेल. मग ते वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि अचानक त्यात बाबांचा आवाज ऐकू आला. नवा कोबा घातला की दारातून बाबा आपल्यावर ओरडायचे, 'चपला हातात घ्या, कोबा ओला आहे.' आपण दोघं चपला छातीशी धरून भिंतीच्या कडेकडेने जायचो. ताई, ती पानं शाळेच्या पुस्तकात तेव्हाही नव्हती, हो ना? तू पाणी प्यायला गेली नव्हतीस. आत जाऊन तू शेवट जुळवत होतीस. आणि पान उलटल्याचा आवाज मी नीट ऐकला होता, म्हणजे मला संशय येऊ नये म्हणून तू मागचीच पानं उलटत होतीस. आजारी भावाला गोष्ट अर्धी राहिल्याचं सांगवेना म्हणून चौदा वर्षांच्या मुलीने बापाला होडीत बसवलं. मी बाबांमध्ये होडीवाला शोधत राहिलो, आणि होडीवालाच मुळात तू बाबांवरून केलेला होता. मी स्टुलावर एकटाच कितीतरी वेळ हसत होतो. वरून शिपाई बघायला आला, म्हणाला, 'काय झालं काका, खळ डोक्यात गेली का?'

लेखकावर माझा राग नाही. त्याचा शेवट वाईट नाही, खरा आहे. बहुतेक होड्या तशाच बांधलेल्या राहतात, हे पन्नाशीला आलेल्या माणसाला काय सांगायचं. त्याचं पुस्तक मी त्याच्याच शेवटासह नीट बांधलं, चांगलं कापड लावलं. देवापुढे त्याचं नाव अजूनही घेतो, इतक्या वर्षांची सवय आहे. फक्त त्याच्या आधी आता तुझं घेतो.

मग शाळेला फोन लावला. हल्लीच्या बाईंना म्हटलं, माझ्याकडून चूक झालीये, ती पानं लेखकाची नाहीत. त्या म्हणाल्या, अहो, आमच्याकडे मुलांचं भांडण मिटलं की एक जण दुसऱ्याला 'चपला हातात घे' म्हणतो, हे कुठून आलं ते मला आज कळलं. वीस वर्षं झाली, ताई. तुझं वाक्य त्या वर्गांतून फिरतंय. त्या पानांच्या सुरुवातीला मी आता एक चिठ्ठी चिकटवणार आहे: पुढची सोळा पानं या शाळेच्या एका विद्यार्थिनीची. बाईंनी नाव विचारलं. म्हटलं, आधी तिला विचारतो.

आता शेवटचं. तू म्हणतेस, मामाने गोष्टी सांगून पोरीला बिघडवलं, नाहीतर शेवटच्या वर्षाला नर्सिंग सोडून कुणी पोरांच्या पुस्तकांत चित्रं काढायला जातं का? असेल. लहानपणी तिला होडीवाला मीच सांगितला, पण सांगितला तो तुझा. भाऊजी गेल्यावर तू एकटीने तिला वाढवलंस, दुहेरी पाळ्या केल्यास, तुझा राग मला समजतो. खडू नऊ दिवसांपासून आमच्याकडे आहे. (लहानपणी भिंती रंगवायची म्हणून तूच ठेवलेलं हे नाव, गेली तीन वर्षं तू उच्चारलं नाहीस, म्हणून मी लिहितोय.) वाळली आहे, पण जेवते नीट. रोज माझ्या बायकोला विचारते, 'आईचा फोन आला होता?' तिच्या चित्रांचं पहिलं पुस्तक छापून आलंय. ते कागदात गुंडाळून ठेवलंय आणि आम्हाला उघडू देत नाही. म्हणते, आधी आईने बघायचं. मी बांधणी तेवढी बाहेरून चाचपली, बरी आहे. तू तिला म्हणाली होतीस, या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. ती म्हणते, आईचा शब्द मी मोडणार नाही, दारात पाऊल टाकणार नाही. हट्ट कुणाचा उचललाय ते मी सांगायला नको. येत्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ती तुझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या बंद दुकानापाशी उभी असेल. हाक मारणार नाही. दारही वाजवणार नाही. म्हणून मी आधी कळवतोय. रस्ता नदीएवढा रुंद नाही, ताई, पंधरा पावलं आहेत, मी मोजली आहेत. काही मोठं बोलू नकोस. काय बोलायचं ते तूच कधीचं जुळवून ठेवलंयस. आणि या रविवारी पायात चपला घालून ठेव, सकाळपासून.

तुझाच,
चिकट्या