टेबलावर राहिलेला सेन्सर

पुणे, ८ ऑगस्ट १९९९

प्रिय आई, जय भीम.

मी मजेत आहे. मेसच्या गोड आमटीची सवय झाली. बाबांचा खोकला थांबला का?

तुझं पत्र मिळालं. दोन पानं धाकट्या राकेशच्या नव्या कॉम्प्युटरची. त्याला तू क्रोशाचं कव्हर विणलंस, तेही कळलं. माझ्यासाठी शेवटची एक ओळ. छान.

काल कंट्रोल सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलला पाणी तापवून साठ अंशांवर थांबवायचं होतं. मी पाण्यात सोडायचा सेन्सर टेबलावरच विसरले. हीटर तापवत राहिला, पाणी उकळून सांडलं. सर म्हणाले, "हीटरचा काय दोष? पाणी तापल्याचं त्याला कुणी कळवलंच नाही."

आई, वर्गात पहिली आल्याचं मी तीन पत्रांत लिहिलं. एकदा तरी "शाब्बास, पुरे" असं लिही, म्हणजे मीही थांबेन.

तुझी थोरली,
विशाखा