आयर्लंडला गेलेले गोट

माय, तुझ्या हातातले गोट सापडले. आयर्लंड देशातल्या एका घरात, काचेच्या कपाटात ते इतकी वर्षं ठेवलेले होते. त्यांच्या खाली सुबक अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती: हिंदुस्थानातल्या एका गरीब बाईने कृतज्ञतेने दिलेली भेट. तिथून आलेला फोटो मोठा करून मी ती चिठ्ठी वाचली. इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, शब्दांचे अर्थ पोरांकडून घोकून घेतले. पण 'कृतज्ञतेने' वाचल्यावर मी फोन पालथा ठेवला आणि ओट्यावरची घासलेली भांडी पुन्हा घासत बसले.

तू जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तेव्हाचं गाव आता ओळखू येणार नाही, पण दवाखान्याची इमारत अजून उभी आहे. आयर्लंडहून आलेल्या त्या गोऱ्या नर्सबाई दवाखान्यामागच्या बंगल्यात राहायच्या आणि तू त्यांचा स्वयंपाक करायचीस. शाळा सुटली की मी मागच्या पायरीवर येऊन बसायचे. आत तू त्यांच्यासाठी पत्र्याच्या पेटीत पाव भाजायचीस आणि त्याचा वास माझ्या दप्तराला लागायचा. मला ए-बी-सी-डी त्याच बाईंनी शिकवली, त्याच पायरीवर, माझं बोट धरून. हे लिहायला आजही जड जातं, पण ते खरं आहे. त्यांच्याकडे त्यांच्या आजीचे सहा चांदीचे चमचे होते. फक्त रविवारी बाहेर निघायचे. तू ते राखेने घासायला घेतलेस तेव्हा बाईंनी हातातून काढून घेतले आणि मऊ कापडाने कसे पुसायचे ते दाखवलं. तू घरी येऊन हसत बाबांना सांगितलंस, "चमच्याले इतकं जपते, जसं काई लेकरू हाय."

मग एका रविवारी चमचे नसतात. बाई ओरडत नाहीत. त्या टेबलाशी बसून राहतात, तू समोर उभी, मी पायरीवर. त्या त्यांच्या मराठीत म्हणतात, "खरं सांग. तू खरं सांगितलं तर मी माफ करणार." तू पदराला हात पुसतेस आणि म्हणतेस, "बाई, म्या घेतलेच नाई. मंग मले माफी काऊन पाह्यजे?" त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती. ती रागापेक्षा वाईट असते. तेव्हा कळलं नाही, आता कळतं.

दुपारी दवाखान्याचा कारकून दोन माणसं घेऊन आपल्या घरी आला. त्यांनी ज्वारीची कोठी जमिनीवर उलटी केली, गोधड्या झटकल्या, चुलीमागेसुद्धा काठी घातली. सगळी वस्ती दारात उभी होती. काही सापडलं नाही, तर कारकून म्हणाला, विकले असतील, आता भरपाई द्या नाहीतर पोलिसात जाऊ. तू म्हणालीस, "जा ना पोलिसात. मी येतो." बाबांनीच तुला आत ओढलं. "देऊन टाक वं गोट. पोलीस दारात आले तं उद्या पोरीले कोन करन?" मग मोरीत बसून साबणाचं पाणी लावून गोट काढलेस. तुझ्या आईचे गोट ते, लग्नापासून हातातून निघालेच नव्हते. एकाला तडा गेला होता, तो धाड गावच्या सोनाराने तांब्याचा डाग देऊन सांधला होता. तुझ्या मनगटावर दोन पांढरे वळ उरले आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत ते दिसत राहिले.

गोट दिले म्हणजे चोरी कबूल केली, असाच सगळ्यांनी अर्थ घेतला. हापशावर तू आलीस की बाया आपापल्या बादल्या जवळ ओढायच्या. आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच बाया, ज्यांच्यासोबत तू बुद्धविहारात बसायचीस. पुढं तू कोणाच्या घरात कामाला गेली नाहीस, शेतात निंदायलाच गेलीस. मला ताप चढला, डोळे उघडेनात, तेव्हा दवाखाना शंभर पावलांवर असताना तू मला खांद्यावर टाकून जीपच्या थांब्यावर गेलीस आणि बुलढाण्याला नेलंस. दवाखान्यासमोरून जाताना बाई ओसरीतच होत्या. त्या खाली उतरल्या, दोन पावलं पुढेही आल्या. तू चाल वाढवलीस.

निवृत्त झाल्यावर मी शोधायला घेतलं. हातात काय होतं? दवाखान्याच्या भिंतीवरची संगमरवरी पाटी, तिच्यावर बाईंचं नाव आणि त्यांच्या गावाचं नाव. त्या गावच्या चर्चला मी ईमेल पाठवला. तिथं एक निवृत्त पोस्टमन हौसेने लोकांच्या वंशावळी काढून देतो. त्याने बाप्तिस्म्याच्या वह्या, लग्नाच्या वह्या, थडग्यांवरची नावं, सगळं जुळवून महिनाभरात बाईंच्या सहा पिढ्या मला पाठवल्या. कोण कधी जन्मलं, कोण अमेरिकेला गेलं, कोणतं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, सगळं. मला नोकरीतल्या माझ्या जातपडताळणीचे दिवस आठवले. तहसिलात खेटे घालून कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, एक नक्कल मिळाली होती. तिच्यात आजोबांचं नाव चुकलेलं होतं, फक्त जातीचा रकाना बरोबर होता. तुझ्या आईचं नाव कुठेच नाही. ज्यांनी तुला चोर म्हटलं, त्यांच्या पणजीच्या बहिणीचं नाव मला पाठ झालं, आणि माझ्या आजीचं नाव कागदावर नाही.

त्या वंशावळीच्या शेवटच्या ओळीत बाईंच्या बहिणीची नात निघाली. शिक्षिकाच आहे, माझ्यासारखी. बाईंच्या इथल्या वस्तूंबद्दल मी विचारल्यावर तिने आनंदाने कपाटाचे फोटो पाठवले. आमची आजी-मावशी तिकडे सगळ्यांची लाडकी होती ना, असं विचारलं. मी सगळं लिहिलं. तिचं उत्तर आलं, अगदी सभ्य: आपल्याकडे काही पुरावा आहे का? मी लिहिलं, एका गोटावर आतल्या बाजूने तांब्याचा डाग असेल. दुसऱ्या दिवशी फक्त एक फोटो आला. डाग तसाच होता, लालसर, ज्वारीच्या दाण्याएवढा.

मग तीन आठवडे काही नाही. नंतर तिने बाईंनी बहिणीला लिहिलेलं एक पत्र पाठवलं, जुन्या खोक्यात मिळालेलं. बाई लिहितात, निळ्या स्वेटरच्या बाहीत चमचे पोचल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. उन्हाळ्यात थंड हवेला जाताना मीच ते त्यात गुंडाळले होते आणि साफ विसरले, मग तो स्वेटर तसाच घरी पाठवायच्या लोकरीच्या कपड्यांच्या खोक्यात गेला. इथे या चमच्यांवरून थोडा त्रास झाला, पण तो आता मिटला आहे, पुन्हा उकरण्यात अर्थ नाही. माय, त्या लोकरीच्या कपड्यांचा खोका बसस्टँडवर कोणी नेला होता? तूच, डोक्यावर. आणि हे पत्र लिहिल्यावर बाई चार वर्षं इथेच होत्या. चार वर्षं तू हापशावर उभी होतीस आणि त्यांना माहीत होतं.

त्या शिक्षिकेने माफी मागून गोट परत पाठवले. इथल्या पोस्टमनने सही घेतली आणि पाकीट दिलं, इतकंच. मी बाईंचं ते पत्र मराठीत लिहून काढलं आणि गावी गेले. ज्यांना वाचून दाखवायचं होतं त्यातली एकच म्हातारी उरली आहे, बादली ओढणाऱ्यांपैकीच. मी तिच्या खाटेशी बसून पूर्ण वाचलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "कोनते चमचे वं?" तिला काहीच आठवत नव्हतं. तुझं सगळं आयुष्य त्यात गेलं आणि ती विसरूनही गेली. मी कागद घडी करून उठले. चहा घेऊन जाय, म्हणाली. घेतला नाही.

तुला लिहिलेलं हे पत्र कोणाला दाखवणार नाही, टाकायला तर जागाच नाही. बाबांवर, त्या बायांवर, नर्सबाईंवर इतकं लिहिलं, आता एक माझं. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझी पेटी मी एकटीने उघडली. सगळ्यांना वाटलं, लुगड्यांना शेवटचा हात लावायला बसली असेल. मी सगळ्यात आधी तळाशी हात घातला होता, चमचे लागतात का ते बघायला.